चित्ताचे इंद्रजाल आणि मागे उरलेली माणसे

‘योगवासिष्ठा’तील कथांविषयी बोलण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ झालेल्या आहेत, आणि दोन्हींची निष्पत्ती एकच आहे : कथा वाचली जात नाही. पहिली रीत अध्यात्मवाद्यांची. त्यांच्या मते कथा हे केवळ दृष्टान्ताचे वस्त्र. जग हा चित्ताचा खेळ आहे हा सिद्धान्त हाती आला की वस्त्र बाजूला ठेवावे. दुसरी रीत त्यांच्या विरोधकांची. त्यांच्या मते ह्या कथा म्हणजे जुन्या वर्णव्यवस्थेची भूल. ती ओळखली की ग्रंथ मिटावा. अलीकडे ह्यांच्या जोडीला तिसरी मंडळी आली आहेत. त्यांना काश्मीरमधल्या एका सहस्रकापूर्वीच्या संस्कृत ग्रंथात ‘जादुई वास्तववाद’ सापडतो आणि गार्सिया मार्केसच्या आधी हे सारे आपल्याकडे होतेच, ह्या समाधानात त्यांचा लेख संपतो. ह्या तिसऱ्या मताचा फार विचार करण्याचे कारण नाही. नातेवाईक श्रीमंत निघाला की वंशावळ शोधावी, तशातला तो प्रकार आहे.

पहिल्या दोन मतांचा मात्र विचार केला पाहिजे. साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असा एक प्रश्न त्यांनी झाकून ठेवला आहे. ज्या कथेत जादूचे साधन मंत्र, मणी वा औषधी हे नसून प्रत्यक्ष चित्त हेच असते, ज्या कथेत कोणी संकल्प करतो आणि तेवढ्याने जग उभे राहते, त्या कथेत त्या जगातल्या इतर माणसांचे काय होते? संकल्प ओसरल्यावर ती कोठे जातात? आणि गेली नाहीत, तर त्यांचे उत्तरदायित्व कोणाकडे? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की चैतन्यनिष्ठ जादूच्या कथेचे सामर्थ्य आणि तिच्यातला धोका ही दोन्ही ह्याच एका ठिकाणी असतात. इंद्रजाल उभे राहते तेव्हाचे आश्चर्य दुय्यम आहे. ते मावळल्यावर जे शिल्लक राहते तेथे खरी कथा सुरू होते. आणि नेमके हे शिल्लक राहिलेलेच आपली समीक्षा झाडून टाकत आली आहे.

उत्पत्तिप्रकरणातली लवण राजाची कथा घेऊ. लवण हा हरिश्चंद्राच्या कुळातला. भर सभेत एक ऐंद्रजालिक येतो, मोरपिसांचा कुंचा फिरवतो, आणि सिंधुदेशाच्या राजाकडून आलेला एक घोडा राजासमोर उभा राहतो. राजा घोड्याकडे पाहतो आणि दोन मुहूर्त पुतळ्यासारखा बसून राहतो. भानावर आल्यावर तो जे सांगतो ते असे : घोड्याने त्याला रानात नेले, एका झाडाच्या वेलीला धरून तो लटकला आणि घोडा निघून गेला, रात्र कशीबशी काढल्यावर दुसऱ्या दिवशी, बापासाठी अन्न घेऊन निघालेली एक चांडाळकन्या त्याला भेटली. भुकेने व्याकुळ झालेल्या राजाने अन्न मागितले. माझा नवरा होशील तर देते, असे ती म्हणाली. तो झाला. वस्तीत राहिला, बापही झाला, म्हातारा झाला. मग अवर्षण पडले. बायकामुलांना घेऊन तो बाहेर पडला. वाटेत धाकटे पोर भुकेने मांस मागू लागले, तेव्हा स्वतःचेच मांस त्याला मिळावे म्हणून राजाने चिता रचली. चितेत पडताक्षणी तो सभेत जागा झाला. ऐंद्रजालिक तोवर नाहीसा झालेला असतो.

दृष्टान्त म्हणून पाहिले तर येथे काम संपले. दोन मुहूर्तांत एक जन्म मावला, काळ हा चित्ताधीन आहे, सिद्ध. अध्यात्मवादी निरूपणकार बहुधा येथूनच सिद्धान्ताकडे वळतो. परंतु ग्रंथकार येथे थांबत नाही. राजा दुसऱ्या दिवशी परिवारासह विंध्याकडे निघतो आणि ती वस्ती शोधून काढतो. झाडे तीच, झोपड्या त्याच, अवर्षणाने पडलेली धूळधाण तीच. तेथे एक म्हातारी रडत बसलेली आहे. तिची मुलगी, कोठूनसा आलेला राजा असलेला तो जावई, आणि नातवंडे, दुष्काळात घर सोडून गेली ती परत आली नाहीत. ग्रंथकार तिच्या विलापाला भरपूर जागा देतो. राजा तिला विचारतो, ऐकतो, मंत्र्यांच्या तोंडाकडे पाहतो, आणि तिला धीर देऊन राजधानीला परततो.

ह्या म्हातारीचे काय करायचे, हा माझा अध्यात्मवादी समीक्षेला प्रश्न आहे. सिद्धान्ताला तिची गरज नव्हती. किंबहुना ती सिद्धान्ताची अडचण आहे. जग चित्तात आहे हे दाखवायचे तर राजा जागा होणे पुरेसे होते. फार तर तो विंध्यात जाऊन आला आणि तेथे काहीच सापडले नाही, असे दाखवले असते तर दृष्टान्त अधिक स्वच्छ झाला असता. वस्ती सापडते आणि सारे बिघडते. रामही नेमके हेच विचारतो : मनात घडलेले बाहेर कसे सापडले? वसिष्ठाने दिलेले उत्तर सर्वांना ठाऊक आहे. कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडावी तसे ते झाले. राजाचा भास चांडाळांच्या चित्तात उतरला असेल, किंवा त्यांचे जिणे राजाच्या चित्तात. दोन्ही पर्याय खुले ठेवून वसिष्ठ पुढे जातो. तत्त्वज्ञ म्हणून तसे करण्याचा त्याला अधिकार आहे. समीक्षकाला नाही. दुसरा पर्याय, म्हणजे चांडाळांचे जिणे आधी होते आणि राजाचे चित्त हा केवळ त्याचा आरसा होता, हा पर्याय स्वीकारला तर कथेचे केंद्रच हलते. मग हा राजाच्या स्वप्नाचा वृत्तान्त राहत नाही. एका वस्तीच्या दुष्काळाचा, राजाच्या डोक्यात शिरलेला वृत्तान्त होतो. हा पर्याय ग्रंथाने स्वतःच दिलेला आहे. आम्ही बाहेरून आणलेला नाही.

आणखी एक गोष्ट निरूपणकार सांगतात ती केवळ मौजेखातर, पण कथेचा सारा हिशेब तीत आहे. हे सारे लवणावर का आले? आपल्या आजाने, हरिश्चंद्राने, केलेला राजसूय आठवून लवणाने मनातल्या मनात राजसूय केला होता. सारी सामग्री मानसिक, दक्षिणा मानसिक, सर्वस्वदानही मानसिक. संध्याकाळी जागा झाला तेव्हा खजिना होता तेथे होता. परंतु राजसूय करणाऱ्याच्या वाट्याला बारा वर्षांचे दुःख यावे लागते, आणि मानसिक यज्ञाचे दुःखही मानसिकच हवे. म्हणून देवांनी ऐंद्रजालिकाचे रूप देऊन दूत धाडला. चैतन्यनिष्ठ जादूचे अर्थशास्त्र इतक्या उघडपणे फार थोड्या ग्रंथांनी मांडलेले असेल. चित्ताने कमावलेले चित्तानेच फेडायचे, हा तो नियम. नियम न्याय्य दिसतो. पण फेड कोणत्या नाण्यात झाली? चांडाळवस्तीतल्या आयुष्याच्या. राजाच्या लेखी जे प्रायश्चित्त, ते त्या मुलीचे साधे, रोजचे, एकुलते एक आयुष्य आहे. तिने कोणताही राजसूय केलेला नव्हता. भुकेल्या माणसाला तिने अन्न दिले, बदल्यात संसार मागितला, आणि दुष्काळात ती मेली. राजाची शिक्षा जेथे संपते तेथून तिला परतायला सभा नव्हती.

येथे आमचे परिवर्तनवादी मित्र म्हणतील : हेच तर आम्ही म्हणत होतो, चांडाळाचे जिणे हे ब्राह्मणी कल्पनाशक्तीला नरकाचे नेपथ्य म्हणून उपयोगी पडते, त्यापलीकडे ग्रंथात काही नाही. ह्यातले पहिले विधान खरे आहे आणि ते पुरेशा जोराने केले गेले पाहिजे. वस्तीचे वर्णन किळस यावी अशा बेताने केलेले आहे. रक्त, मांस, हाडे ह्यांची त्यात रेलचेल आहे. त्या वर्णनामागची नजर राजाची आहे, आणि त्या नजरेशी ग्रंथकाराचे फारसे भांडण नाही. परंतु दुसरे विधान चूक आहे, आणि ती चूक अध्यात्मवाद्यांच्या चुकीची जुळी बहीण आहे. एकाने म्हातारीला माया म्हणून पुसले. दुसऱ्याने तिला विचारसरणीचे लक्षण म्हणून पुसले. दोघांनाही ती रडताना ऐकू आली नाही. संहिता आपल्या घोषित तत्त्वज्ञानाच्या विरुद्ध कोठे वागते हे पाहणे हे टीकेचे पहिले काम. आणि येथे ती उघडउघड तसे वागते. जग मिथ्या आहे असे सांगणारा ग्रंथ राजाला पायपीट करायला लावून त्या मिथ्या जगात परत धाडतो, आणि तेथे एका बाईला बोलू देतो.

उपशमप्रकरणातली गाधीची कथा ह्याच आकृतीची, पण अधिक भयंकर आहे. कोसल देशातला हा ब्राह्मण विष्णूकडे माया पाहण्याचा वर मागतो. पाण्यात बुडी घेतो आणि तेवढ्यात स्वतःचे मरण, चांडाळिणीच्या पोटी जन्म, कटंज हे नाव, संसार, कुटुंबाचा नाश, भटकंती हे सारे भोगतो. कीर देशाच्या राजधानीत राजा मेलेला असतो. राजहत्ती ह्या भटक्याला उचलून पाठीवर घेतो आणि तो गवल ह्या नावाने आठ वर्षे राज्य करतो. मग एके दिवशी रस्त्यातून जाणारा एक म्हातारा चांडाळ त्याला जुन्या नावाने हाक मारतो. बिंग फुटते. ज्याच्या हातचे आठ वर्षे घेतले तो चांडाळ होता, ह्या जाणिवेने नगरातले लोक चिता रचून स्वतःला जाळून घेतात. त्यामागोमाग राजाही आगीत उडी घेतो, आणि गाधी पाण्यातून वर येतो. पुढे एक पाहुणा त्याला सहज सांगतो की कीर देशात असे घडले. गाधी जाऊन पाहतो. घडलेले असते.

ह्या कथेत विष्णू एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा येऊन खुलासा करतो; आणि ते खुलासे एकमेकांशी नीट जुळत नाहीत. कधी सारेच भ्रम असते, कधी कटंज नावाचा माणूस खरोखरच होऊन गेलेला असतो आणि त्याची कहाणी गाधीच्या चित्तात उमटलेली असते. ही विसंगती टीकाकारांना झाकावीशी वाटते. मला ती ग्रंथाचा प्रामाणिकपणा वाटते. जळालेल्या नगराचे स्पष्टीकरण एका वाक्यात होत नाही, हे ग्रंथकाराला कळलेले आहे. आणि पाहा, येथे जाळले ते मायेने नव्हे. मायेने फक्त एका माणसाला राजा केले. आठ वर्षे राज्य सुरळीत चालले. हत्तीलाही त्यात काही वावगे वाटले नाही. आग लावली ती विटाळाच्या कल्पनेने. चित्त जग निर्माण करते ह्याचे सर्वांत दारुण प्रमाण गाधीच्या बुडीत नाही, ते कीर देशाच्या नागरिकांत आहे. एका शब्दासरशी त्यांच्यासाठी काल खाल्लेले अन्न विष झाले. सबंध समाजाने मिळून चालवलेली ही जादू आहे, आणि तिला उतारा सांगायला कोणताही विष्णू येत नाही. ग्रंथकाराला हे असे म्हणायचे होते काय? बहुधा नसावे. परंतु त्याने ते लिहून ठेवले आहे.

आता सिद्धान्ताकडे. तोदोरोव्हने १९७० च्या आपल्या ग्रंथात अद्भुताची जी व्याख्या केली तिच्यात वाचकाची द्विधा हा गाभा होता : जे घडले त्याला नैसर्गिक कारण आहे की अतिनैसर्गिक, ह्याचा निर्णय होईपर्यंतच ते अद्भुत टिकते. त्याच ग्रंथात त्याने एक इशाराही दिला आहे, तो आपल्याकडे फारसा लक्षात घेतला जात नाही : कथा रूपक म्हणून वाचली की द्विधा संपते आणि अद्भुतही संपते. अध्यात्मवादी निरूपणाने ‘योगवासिष्ठा’चे नेमके हेच केले आहे. अर्थात तोदोरोव्हची चौकट येथे जशीच्या तशी बसत नाही. त्याची द्विधा जग कसे चालते ह्याविषयीची आहे. लवणापुढची द्विधा वेगळी आहे : ह्या रडणाऱ्या बाईचा मी कोण? ती आपल्या जावयासाठी रडते आहे आणि जावई समोर उभा आहे. निसर्ग की अतिनिसर्ग हा प्रश्न येथे सुटला तरी हा दुसरा सुटत नाही. राजाने ओळख दिली काय, आणि दिली असती तर कोणत्या नात्याने, ह्या प्रश्नावर एखादे चर्चासत्र व्हायला हरकत नव्हती. आपली चर्चासत्रे मायावादावर होतात.

ह्या आंधळेपणाला आपल्या काव्यशास्त्राचा आधार आहे, असे मला वाटते. आणि वादाचा खरा मुद्दा हाच आहे. ‘योगवासिष्ठा’चे मूळ रूप, ज्याला ‘मोक्षोपाय’ म्हणून ओळखले जाते, ते दहाव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये सिद्ध झाले, हे वाल्टर श्लाये आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. आज सर्वत्र वाचली जाणारी प्रत ही नंतरच्या वेदान्ती संस्कारातून गेलेली आहे, हेही. मुंबईच्या निर्णयसागरने आनंदबोधेंद्रांच्या टीकेसह छापलेली जी प्रत आपल्या पिढ्यांनी वापरली, तिच्यात मूळ आणि टीका एकाच पानावर असल्यामुळे टीकेचा अर्थ तोच कथेचा अर्थ, ही सवय डोळ्यांनाच लागून गेली. म्हणजे ज्याला आपण ग्रंथाचा स्वाभाविक अर्थ मानतो तो ग्रंथाच्या वाचनाचा एक थर आहे. हा तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्याच काश्मीरमध्ये, पुढच्या दोन पिढ्यांच्या आत, अभिनवगुप्ताने रसविघ्नांची यादी केली. देश, काल आणि व्यक्ती ह्यांच्या विशेषांत अडकणे हे त्यांतले एक विघ्न. स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. भट्टनायकापासून चालत आलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेचे हे शास्त्रशुद्ध रूप. शोक असावा, पण तो कोणाचाही नसावा. तरच त्याचा करुण होतो.

साधारणीकरण हीसुद्धा चित्ताची जादूच आहे. नटाच्या समोर बसलेल्या रसिकाचे चित्त क्षणभर आपली गाठोडी खाली ठेवते आणि एक शुद्ध, निर्विघ्न जग अनुभवते. हिचे सामर्थ्य मी नाकारत नाही; हजार वर्षे टिकलेला सिद्धान्त उगाच टिकत नाही. धोका मात्र सांगितला पाहिजे. लवणाच्या गोष्टीतल्या म्हातारीचा शोक साधारण करा, ती कोणत्या वस्तीतली, तिची मुलगी कोणत्या दुष्काळात गेली, तिच्या समोर उभा असलेला माणूस कोण, हे सारे ‘विशेष’ विघ्न म्हणून गाळून टाका, काय उरते? एक करुण विलाप. तो कोणत्याही आईच्या तोंडी शोभेल. आणि तिच्या कथेचा सगळा डंख त्या गाळलेल्या विशेषांत होता. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद असे दोन ध्रुव मांडले आणि सौंदर्याची संकल्पनाच द्विध्रुवात्मक आहे असे म्हटले. आपल्या विद्यापीठांत ही मांडणी परीक्षेपुरती पाठ केली जाते. तिचा उपयोग करून पाहायचा असेल तर लवणाची कथा हे उत्तम स्थळ आहे. राजाचे दोन मुहूर्त हा अलौकिक ध्रुव; विंध्याची वाट हा लौकिक ध्रुव; आणि कथा ह्या दोहोंच्या मध्ये, घोड्यावरून नव्हे, आपल्या पायांनी जाते.

परकायाप्रवेशाच्या कथा ह्याच दृष्टीने वाचल्या पाहिजेत. माधवाच्या नावावर असलेल्या ‘शंकरदिग्विजया’त उभयभारतीच्या कामशास्त्रविषयक प्रश्नांना उत्तरे देता यावीत म्हणून आचार्य मृत अमरु राजाच्या देहात शिरतात. निरूपणकार येथे संन्याशाच्या अलिप्ततेचे कौतुक करतात. ज्यांच्या शय्येवर हे अध्ययन झाले त्या राण्यांचे काय, हे कोणी विचारत नाही. आणि पुन्हा, संहितेने मात्र विचारलेले आहे. राजा बदलला आहे हे अंतःपुरात आणि मंत्र्यांत ओळखले जाते; आलेला जीव परत जाऊ नये म्हणून कोठे निर्जीव देह जपून ठेवला असेल तो शोधून जाळण्याची आज्ञा सुटते. मेलेला नवरा परत मिळाला आणि तो तो नव्हे हे कळूनही त्याला जाऊ देऊ नये असे वाटणे, ह्यात एका स्वतंत्र कादंबरीचे बीज आहे. वादविजयाच्या घाईत ते वाया गेले. मराठीला ह्याहून जवळचे उदाहरण महानुभाव परंपरेचे. भडोचच्या हरिपाळदेवाच्या मृत देहात चांगदेव राऊळ ह्यांनी प्रवेश केला आणि पुढे तेच श्रीचक्रधर म्हणून महाराष्ट्राला ज्ञात झाले, असे परंपरा मानते. श्रद्धेच्या बाजूने ह्या घटनेविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी केवळ कथन पाहतो. त्या कथनात कमळाइसा आहे. नवरा मेला, उठून बसला, पुढे द्यूतात हरला, तिच्याकडे दागिने मागितले, तिने नकार दिला, आणि तो रामयात्रेचे निमित्त करून निघून गेला. अवतारकथेच्या प्रचंड ओघात ही बाई काठाला लागून राहते. तिने नकार दिला हे लक्षात ठेवले गेले. ती नेमक्या कोणाला नकार देत होती, हा प्रश्न मात्र लीळांच्या अभ्यासकांनी अजून पुरता हाती घेतलेला नाही.

कोणी म्हणेल की हे सारे आजचे प्रश्न जुन्या ग्रंथांवर लादणे आहे. म्हणून मुद्दाम एक आजचा ग्रंथ घेतो, ज्याने हाच विषय उघड्या डोळ्यांनी हाताळला आहे. अर्सुला ले ग्विनच्या ‘द लेद ऑफ हेवन’ (१९७१) ह्या कादंबरीत ऑरेगनमधल्या पोर्टलंड शहरात राहणारा जॉर्ज ऑर नावाचा एक साधा माणूस आहे. त्याला पडलेली काही स्वप्ने खरी होतात. खरी होतात म्हणजे जग बदलते आणि बदलाआधीचे कोणाच्या स्मरणातही राहत नाही. हेबर नावाचा मनोविकारतज्ज्ञ ह्या शक्तीचा उपयोग मानवजातीच्या कल्याणासाठी करू पाहतो. लोकसंख्येची समस्या सुटावी अशी सूचना दिली जाते. ऑरच्या स्वप्नात महामारी येते आणि जागे झाल्यावर सहा अब्ज माणसे कधीच मेलेली असतात. वर्णभेद मिटावा, तर सारी माणसे राखाडी होतात. हीदर ही तपकिरी कातडीची वकीलबाई त्या राखाडी जगात सापडतच नाही. तिचा रंग हा तिच्या स्वभावाचा भाग होता, तो काढून घेतल्यावर ती उरत नाही. पुढे ऑर तिला स्वप्नातून परत आणतो ती राखाडी होऊन येते, मवाळ होऊन येते, आणि ऑरला ती हवी तशी ती नसते.

लवणाची कथा आणि ही कादंबरी ह्यांत प्रभाव शोधण्याचा मोह टाळावा. ले ग्विनच्या मनात ताओवाद होता, वसिष्ठ नव्हता. तुलना करायची ती वेगळ्या जागी. हेबर हा मानसिक राजसूय करणारा राजा आहे : यज्ञ त्याच्या मनात, आहुती दुसऱ्यांची. फरक एवढाच की लवणाला निदान बारा वर्षांचे दुःख भरावे लागते. हेबरला, तो स्वतः स्वप्न पाहायला बसेपर्यंत, काहीच भरावे लागत नाही. आणि ज्याला सारी मूळ जगे आठवतात, मेलेल्या अब्जावधींचा हिशेब जो एकटा डोक्यात वागवतो, तो ऑर विंध्याची वाट चालणाऱ्या लवणाच्या जागी आहे. दोन्ही ग्रंथांनी एक गोष्ट ओळखली आहे. चित्ताने जग बदलणारा वाईट असतो म्हणून धोका आहे असे नव्हे; हेबर वाईट नाही, लवण तर सदाचारी आहे. धोका ह्यात आहे की अशा जादूत दुसऱ्या माणसाला विरोध करायला जागाच राहत नाही. तलवारीपुढे निदान नाही म्हणता येते. स्वप्नात आलेल्या माणसाला आपण कोणाच्या स्वप्नात आहोत हे कळण्याचीही सोय नसते. म्हणून जो लेखक अशी कथा लिहितो त्याच्यावर एक जास्तीची जबाबदारी येते : विरोधाची ती जागा त्याने कथनात कोठेतरी राखली पाहिजे. ले ग्विनने ती ऑरच्या स्मरणात राखली. ‘मोक्षोपाया’च्या कर्त्याने म्हातारीच्या विलापात राखली. समीक्षकाचे काम ती जागा दाखवण्याचे आहे. आपण ती लिंपत बसलो आहोत.

वेंडी डोनिगर ह्यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात लवण आणि गाधी ह्यांच्या कथांना मध्यवर्ती स्थान दिले आणि स्वप्न व सत्य ह्यांच्या सरमिसळीचा विस्तृत विचार केला, हे त्यांचे ऋण मान्य करूनही म्हणावेसे वाटते की सत्य काय आणि स्वप्न काय हा प्रश्न ह्या कथांना विचारता येण्याजोगा सर्वांत रोचक प्रश्न नव्हे. स्वप्न असो वा सत्य, भूक लागली होती. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ह्या कथांवर लिहिताना मायावादाची दहा पाने कमी लिहावीत आणि त्या जागी अवर्षणाचे वर्णन पुन्हा एकदा वाचावे. ग्रंथकाराने दुष्काळ पाहिलेला होता की नाही मी सांगू शकत नाही, पण ती पाने दृष्टान्तासाठी लागतात त्याहून फार जास्त आहेत.

राहता राहिली चूडाला. ह्या ग्रंथात चैतन्याची जादू स्वतःच्या हाताने करणारी ही स्त्री, आणि येथे कोणाची वस्ती ओस पडत नाही, कोणते नगर जळत नाही. म्हणून निरूपणकारांना तिची कथा गोड वाटते, आणि आधुनिकांना ती स्त्रीमुक्तीची पताका वाटते. दोघांनीही तिची सुरुवात नीट वाचलेली नाही. चूडाला राणी असतानाच ज्ञानी झाली आणि तिने ते आपल्या नवऱ्याला, शिखिध्वजाला, सरळ शब्दांत सांगितले. तो हसला. पुढे राज्य टाकून तो रानात गेला, वर्षानुवर्षे तप करून वाळला, आणि हाती काही लागले नाही. तेव्हा ती आकाशमार्गाने तेथे गेली ती कुंभ नावाच्या ब्राह्मणकुमाराचे रूप घेऊन. पुढचा सारा विलास, रात्री मदनिका होणे, विवाह, परीक्षा, ओळख, हे प्रसिद्ध आहे. तिची सिद्धी थोर खरी, पण ती कशासाठी खर्च झाली हे पाहिले पाहिजे. आकाशात उडण्याची आणि देह पालटण्याची शक्ती तिने वापरली ती नवऱ्याने आपले बोलणे ऐकावे म्हणून. घरात, स्वतःच्या रूपात, तिने जे सांगितले ते त्याने हसण्यावारी नेले होते. रानात, पोरसवदा ब्राह्मणाच्या तोंडून आलेले तेच त्याने हात जोडून ऐकले.